कानात प्लग घालून ताशा वाजवला तर कान खरंच वाचतात का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय २३, पथकात ताशा, लग्नसराईत ऑर्केस्ट्राला ऑक्टोपॅड. सराव झाला की रात्री कानात सूंऽऽ असा आवाज येतो, सकाळपर्यंत जातो. मेडिकलमधून फोमचे प्लग आणलेस, घालून बघितलेस, काहीच धड ऐकू येईना म्हणून मधेच काढून खिशात टाकलेस. पथकातले जुने वादक म्हणतात कानात बोळे घालून ताशा वाजत नसतो. ऑनलाईन दोन-दोन हजाराचे 'म्युझिशियन' प्लग दिसतायत, ते खरे की नुसती जाहिरात, आणि मुळात प्लगनं कान वाचतो का, असं विचारलंयस. शेवटी फेट्याखाली ते कसं दिसेल हेही आहे. ताई म्हणालास म्हणून मी पण तूच म्हणते.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कोल्हापुरातच काम करते. ऐकण्याच्या तपासण्या करणं, मशीन बसवणं हे रोजचं, आणि त्यात वाजवणारी माणसं बरीच येतात. ताशा-ढोलवाले, बेंजोवाले, हलगी-घुमकंवाले, साऊंड ऑपरेटर. बहुतेक जण तुझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षं उशिरा येतात, बायको म्हणते टीव्ही लई मोठा लावतो म्हणून. तू २३ ला विचारतोयस ते बरं झालं.

सरळ उत्तर म्हणजे हो, वाचतात, जाहिरात नाही. पण प्लगवर किती डेसिबल छापलंय यापेक्षा तो सगळा वेळ कानात राहिला का नाही यावर जास्त ठरतं. तुझी अडचण प्लग काम करतो का ही नाहीच, फोमच्या प्लगनं काम केलंच की, इतकं केलं की तुला वाजवता येईना. अडचण ही आहे की घालून वाजवता येईल असा प्लग कुठला. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात म्हणून 'प्लग बेकार' असा निकाल लागतो.

आता थोडं गणित, कंटाळू नको, ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

कान जातो तो आवाज किती मोठा आणि किती वेळ या दोन्हीवर. अमेरिकेतली नायॉश म्हणून कामगारांच्या आरोग्याची सरकारी संस्था आहे, तिचा हिशेब जगभर वापरतात. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं, १०३ ला साडेसात मिनिटं. ३ डेसिबल म्हणजे कानाला जेमतेम जाणवणारा फरक, पण कानात शिरणारी ऊर्जा दुप्पट, म्हणून वेळ निम्मा. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमात ८ तासाला ९० धरतात, पण पथकाला कारखाना कोण म्हणणार, त्यामुळे वादकाला कुठलाच नियम लागू नाही. ते रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ वगैरे आकडे पेपरात येतात ते आजूबाजूच्या लोकांना त्रास होऊ नये म्हणून आहेत, तुझ्या कानाचा त्यात विचार नाही.

ताशाच्या रांगेत वाजवणाऱ्याच्या कानाजवळ मीटर धरला की १०० च्या खाली आकडा क्वचित दिसतो, निदान मी तरी क्वचित बघितलाय. मैदान मोकळं आहे का बंद हॉल आहे, किती ताशे आहेत, पान (ताशाचा वरचा पडदा) किती ताणलंय, शेजारी टोल (ठोकून वाजवायची धातूची थाळी) आहे का, यावर बदलतो. हिशेबाला आपण १०३ धरू.

दोन तास सराव, प्लग नाही. दिवसाचा कोटा साडेसात मिनिटांचा, तू १२० मिनिटं वाजवलंस, म्हणजे १६ दिवसांचा कोटा एका संध्याकाळी. १५ डेसिबल कमी करणारा प्लग पूर्ण दोन तास कानात ठेवलास तर कानात जातात ८८, त्याला ४ तास चालतात, म्हणजे अर्धा कोटा वापरला. छान. आता तोच प्लग १५ मिनिटं काढलास, सर काहीतरी सांगत होते, मग चहा, मग कुणीतरी नवीन हात दाखवत होतं आणि तूही वाजवत बसलास. त्या १५ मिनिटांतच दोन दिवसांचा कोटा गेला, बाकीचं धरून जवळजवळ अडीच दिवसांचा. आणि ३० डेसिबलवाला भारी प्लग असता आणि १५ मिनिटं काढला असतास तरी तो दोन दिवसांचा कोटा गेलाच असता, उरलेल्या पावणेदोन तासांत त्यानं कितीही आवाज अडवू दे.

म्हणजे बघ, साधा १५ चा प्लग सतत घातलेला हा ३० चा प्लग अधूनमधून काढण्यापेक्षा चौपट चांगला. मी सगळ्यांना हेच सांगत असते आणि लोक तरी पाकिटावरचा मोठ्यातला मोठा आकडा बघून घेतात. अर्धा वेळच घातला तर प्लग कितीही भारी असू दे, एकूण फायदा ३ डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही.

अजून एक सांगून ठेवते, कोट्याच्या आत राहिलं म्हणजे शून्य धोका असं नाही. नायॉशच्याच हिशेबात ८५ डेसिबलवर ४० वर्षं नोकरी केली तर शंभरातल्या साधारण आठ जणांचं ऐकणं त्या आवाजामुळं कमी होतं. कुणाचा कान नाजूक, कुणाचा चिवट, आधी सांगता येत नाही. 'आमचे वस्ताद साठ वर्षं वाजवतायत, कान ठणठणीत' हे ऐकवणाऱ्याला मी काही बोलत नाही, असतील ठणठणीत. ज्यांचे गेले ते वाजवायचे थांबले, ते तुम्हाला दिसत नाहीत एवढंच.

आता ती सूंऽऽ. अंतर्कर्णात, त्या गोगलगाईच्या आकाराच्या नळीत, प्रत्येक कानात साधारण १५ हजार केसपेशी असतात. जन्मताच मिळतात तेवढ्याच, माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजानं त्या थकतात, मग कान बधिर वाटतो, सूं येते, आणि विश्रांती मिळाली की बऱ्याचशा सावरतात, म्हणून सकाळी बरं वाटतं. पूर्वी आम्ही लोकांना सांगायचो की सकाळी गेलं म्हणजे काळजी नाही. २००९ साली कुजावा आणि लिबरमन या दोन अमेरिकन संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की ऐकण्याची पातळी पूर्ववत आली तरी केसपेशी आणि नस यांच्यातले जोड कायमचे तुटलेले असू शकतात, आणि साध्या तपासणीत ते दिसत नाही. माणसात हे कितपत होतं यावर अजून वाद चाललाय, पण मला तेवढं पुरे आहे, 'सकाळी जातंय ना' हे मी आता कुणाला म्हणत नाही. सूं आली याचा अर्थ त्या संध्याकाळी जास्त झालं, एवढाच घे.

आणि जातं ते आधी कुठं जातं, तर ४ हजार हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांच्या, आसपास. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढला की तिथं खड्डा दिसतो, आवाजानं गेलेल्या कानाची ती ओळखच आहे. सुरुवातीला कळत नाही कारण बोलणं ऐकू येतं. मग स, श, त, थ, फ, ख हे बारीक उच्चार पुसट व्हायला लागतात, माणूस म्हणतो ऐकू येतंय पण काय म्हणताय समजत नाही, लग्नाच्या हॉलमध्ये तर अजिबात नाही. गंमत म्हणजे (गंमत कसली) ताशाच्या काडीची जी धार असते, तर्री (काड्यांचा सलग जलद मारा) सुटी-सुटी ऐकू येते ती ज्यामुळं, ती पण याच पट्ट्यात. म्हणजे ताशावाला आधी तेच ऐकायचं घालवतो ज्यावर त्याचं वाजवणं उभं आहे. मग तो पान अजून ताणतो, अजून जोरात मारतो.

आता फोम का नडला ते. फोमचा प्लग नीट बसवला तर लई अडवतो, पण सारखं अडवत नाही. बेसला कमी, वरच्या धारेला जास्त. त्यात आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटरची, ती स्वतः अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून आत पाठवते, प्लगनं नळी बुजली की ती वाढ पण गेली. दोन्ही मिळून सगळं गोधडी पांघरून ऐकल्यासारखं होतं, ढोलाचा धम्म येतो आणि ताशाचा नुसता चिखल. जुने वादक खोटं बोलत नाहीयेत, फोम घालून ताशा खरंच नीट वाजत नाही. कारखान्यात मशीनजवळ उभं राहायला तो उत्तम आहे, तो त्यासाठीच बनवलाय.

म्युझिशियन प्लग म्हणतात त्यात एक छोटा फिल्टर असतो, बारीक पडदा आणि पोकळी, जेणेकरून सगळे पट्टे साधारण सारखेच कमी व्हावेत आणि ती नळीची नैसर्गिक वाढ शिल्लक राहावी. एटिमोटिक रिसर्च या अमेरिकन कंपनीनं १९८८ मध्ये ईआर-१५ नावाचा असा फिल्टर बाजारात आणला, नंतर ९ आणि २५ डेसिबलचे पण आले, आता बऱ्याच कंपन्या बनवतात. आवाज तोच, फक्त लांबून आल्यासारखा. म्हणजे तत्त्व खरं आहे. पण म्युझिशियन असं नुसतं पाकिटावर छापलेलं भरपूर विकतात ऑनलाईन, त्यात फिल्टरच्या जागी नुसतं प्लॅस्टिकला भोक असतं. ओळखायचं कसं, तर चांगल्या कंपनीच्या पाकिटात वेगवेगळ्या हर्ट्झला किती डेसिबल कमी होतात त्याचा तक्ता असतो. १२५ पासून ८ हजारापर्यंत. ते आकडे जवळपास सारखे असले तर माल खरा, १२५ ला १० आणि ८ हजारला ३५ असं असलं तर तो फोमचाच भाऊ, नाव फक्त वेगळं. तक्ताच नसला तर घेऊ नको.

पाकिटावरच्या मोठ्या आकड्याबद्दल पण ऐकून ठेव. एनआरआर ३३ (म्हणजे प्लग किती डेसिबल कमी करतो तो आकडा) असं लिहिलेलं असतं, ते प्रयोगशाळेत, तज्ज्ञानं बसवून दिलेलं. प्रत्यक्षातला ढोबळ हिशेब असा करतात की त्यातनं ७ वजा करायचे आणि जे उरेल त्याचं निम्मं. ३३ चे राहिले १३. कारण माणसं प्लग आत सारत नाहीत, नळीच्या तोंडावर अडकवून ठेवतात. माझ्याकडं येणाऱ्यातल्या बहुतेकांना मी म्हणते दाखवा कसा घालता, आणि बहुतेक वेळा प्लग अर्धा बाहेर लोंबत असतो.

घालायची पद्धत. उजव्या कानात घालायचा असला तर डावा हात डोक्यावरनं नेऊन उजवा कान वर आणि मागं ओढायचा, त्यानं नळी सरळ होते. फोम असला तर आधी बोटांत वळून बारीक करायचा, सुरकुती पडू न देता, आत सारायचा आणि वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवायचं, फुगेपर्यंत. रबराच्या छत्र्या-छत्र्यांचा असला तर किंचित ओला करून हलका फिरवत आत. मग तपासणी: चालू आवाजात दोन्ही तळहात कानावर घट्ट दाबायचे आणि काढायचे. फार फरक पडला नाही तर बसलाय. एकदम शांत वाटलं तर म्हणजे प्लगनं काही अडवलंच नव्हतं, तळहातानं अडवलं. रोज करायची, दोन सेकंदाचं काम. काड्या धरलेल्या घामट, मातीच्या हातानं मात्र घालू नको. आणि कापूस म्हणशील तर कापसाचा बोळा म्हणजे काही नाही, मनाचं समाधान. तेल घालून तर अजिबात नको.

आता मूळ मुद्दा, ताल सुटतो का. इथं मी जरा जास्त लिहिते कारण लोक प्लग सोडतात ते याच कारणानं.

पहिला अडथळा स्वतःच्या आवाजाचा. कान बंद केला की आपलं बोलणं, श्वास, दात आपटणं, पाय आपटणं सगळं आत घुमायला लागतं. हाडातनं येणारा खालचा आवाज एरवी नळीतनं बाहेर निसटतो, आता नळीचं तोंड बंद म्हणून अडकतो. ताशा कंबरेला बांधलेला, तू चालतोयस, प्रत्येक पावलाचा धप्प डोक्यात. पहिल्या दिवशी माणूस घाबरतोच. प्लग जितका आत जाईल, नळीच्या दुसऱ्या वळणाच्या पुढं, तितकं हे कमी होतं. विचित्र वाटतं पण खरं आहे, घुमतंय म्हणून लोक प्लग थोडा बाहेर ओढतात आणि त्यानं अजूनच घुमतं.

दुसरा अडथळा जोराचा. वाजवणारा किती जोरात मारायचं ते कानानं ठरवतो. कानातला आवाज एकदम १५ नं उतरला की हात आपोआप जास्त मारायला लागतो, मनगट भरून येतं आणि माणूस म्हणतो प्लगमुळं हात दुखला. एक ताशावाला आला होता माझ्याकडं, कस्टम प्लग पहिल्यांदा घालून त्यानं माझ्या टेबलाच्या कडेवर दोन पेन्सिलींनी तर्री धरली, थांबला, परत धरली, मग म्हणाला मॅडम, हे दुसरंच कोणतरी वाजवतंय. मी म्हटलं परत वाजव, पण डोळे मिटून मनगटाकडं लक्ष दे, कानाकडं नको. पाचेक मिनिटांत त्याचा हात हलका झाला. आणि निघताना म्हणाला, डावी काडी माझी मागं पडते होय, हे कधी ऐकूच आलं नव्हतं. खूप मोठ्या आवाजात कान स्वतःच आवाज चिरफाळून टाकतो, थोडा उतरवला की उलट जास्त सुटं ऐकू येतं. ज्याचं ऐकणं नॉर्मल आहे त्याच्या बाबतीत गोंगाटात समोरच्याचं बोलणं पण प्लग घालून तेवढंच, कधी जास्तच कळतं. ज्याचं आधीच कमी झालंय त्याला मात्र हा फायदा मिळत नाही, त्याला खरंच जड जातं. म्हणून जुन्या वादकांचं म्हणणं मी उडवून लावत नाही, त्यांच्यातल्या काहींसाठी ते खरं आहे, फक्त कारण वेगळं आहे.

म्हणून सवय कशी लावायची ते सांगते. पहिल्यांदा मिरवणुकीत घालू नको, तिथं बिथरशील आणि कायमचा सोडशील. आधी घरी पॅडवर, एकटा, मग दोघा-तिघांच्या सरावात, मग पूर्ण पथकात. ९ चा फिल्टर मिळाला तर तो नको, ताशाला तो पुरत नाही, पण सवयीसाठी पहिल्या आठवड्यात चालेल. दोन्ही कानात घालायचा. एकच घालणारे लई भेटतात, एका कानानं टोल ऐकतो म्हणतात, मग बरोबर तोच कान आधी जातो. आणि मैदानात शिरायच्या आधी घालायचा, बाहेर पडल्यावर काढायचा, मधे सर काही सांगत असतील तर सगळ्यांची वाजवणी थांबली असेल तरच काढायचा. ताशाप्रमुखाला आधी सांगून ठेव की हातानं खूण करा, बरीच पथकं तशीही खुणेवरच चालतात.

विसर्जनाचा दिवस वेगळा धरायचा. मिरजकर तिकटीपासनं बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश करत पंचगंगेपर्यंत किती तास लागतात ते तुला मी सांगायला नको. मोकळ्या मैदानात आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलनं उतरतो, महाद्वार रोडला दोन्ही बाजूला इमारती, तिथं तो भिंतींवरनं परत येतो, त्यामुळं लांब सरकून फार फायदा मिळत नाही. वर पुढच्या मंडळाची डॉल्बी. १०३ ला १५ चा प्लग घालून सहा तास वाजवलंस तर दीड दिवसाचा कोटा होतो, म्हणजे १५ चा त्या दिवशी अपुरा. २५ चा फिल्टर, किंवा १५ चा ठेवून वादकांची पाळी लावायची. आणि पाळी नसताना बाजूला बसलायस तेव्हा पण प्लग कानातच, डॉल्बीच्या भिंतीसमोर विश्रांती घेणारे मी बघते तेव्हा काय बोलावं कळत नाही. छातीत धडधडतो तो बेस प्लगनं थांबत नाही, तो अंगातनं जातो, पण कानाला मुख्य धोका वरच्या पट्ट्यांचा, तो थांबतो. फटाक्यांचं मात्र वेगळंच, सुतळी बॉम्ब कानाजवळ फुटला तर तिथं तासांचा हिशेब चालत नाही, एका दणक्यात पडदा फाटू शकतो. तिथं फोम असो काही असो, कानात काहीतरी असलेलं बरं.

ऑक्टोपॅडचं सोपं आहे, कारण तिथं आवाज तुझ्या हातात आहे. बहुतेक ऑर्केस्ट्रात त्रास ऑक्टोपॅडचा नसतो, शेजारच्या साईड रिदमचा आणि पायाशी ठेवलेल्या मॉनिटरचा, म्हणजे वादकाला ऐकू यावं म्हणून लावलेल्या स्पीकरचा, असतो. मॉनिटर कानाच्या दिशेनं तिरका कर आणि आवाज उतरव, आधी जवळ, मग कमी. इन-इअर, म्हणजे कानात घालायचा मॉनिटर, घ्यायचा विचार असला तर घे, नीट बसलेला इन-इअर बाहेरचा आवाज प्लगसारखाच अडवतो, फक्त आत किती सोडायचं ते तुझ्यावर आहे आणि तिथंच लोक फसतात. एक कान काढून लोकांचा आवाज ऐकायची सवय असली तर घेऊच नको, उघड्या कानाला स्टेज आणि दुसऱ्यात त्याच्यावर चढवलेला मॉनिटर, दोन्ही कान गेले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी सांगितलंय की १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये आणि आलेल्या लोकांना प्लग मिळण्याची सोय असावी. आपल्याकडं लग्नाच्या हॉलमध्ये हे कधी होईल ते होवो.

कुठला घेऊ म्हणशील तर, तू सध्या तयार मापाचा, फिल्टरवाला, छत्र्यांचा घे. हजार-दोन हजाराच्या आसपास चांगला मिळतो, दोन मापं येतात पाकिटात, दोन्ही कानांना वेगळं माप लागू शकतं, त्यात काही गैर नाही. एक सीझन वापर. रोज वापरतोयस असं दिसलं तर मग कस्टमचा विचार कर, त्याला कितीतरी जास्त पैसे पडतात आणि खिशात पडून राहिला तर वाया. कस्टमला कानाच्या नळीत आधी दोरा बांधलेला छोटा स्पंज ठेवतात, मग मऊ सिलिकॉन भरून माप घेतात, काही मिनिटांत घट्ट होतं, दुखत नाही, थंड आणि भरलेलं वाटतं फक्त. सनई-क्लॅरिनेटवाल्यांचं आणि गाणाऱ्यांचं माप तोंड उघडं ठेवून घ्यावं लागतं, कारण जबडा हलला की नळीचा आकार बदलतो आणि तोंड मिटून घेतलेला प्लग गाताना हवा सोडतो. तू वाजवताना तोंडानं बोल म्हणतोस का? बरेच ताशावाले म्हणतात. तसं असलं तर माप घेणाऱ्याला सांग. माप घ्यायच्या आधी कान बघून मळ काढून घ्यावा लागतो, आणि कान वाहत असला किंवा पडद्याला भोक असलं तर आधी कान-नाक-घसा डॉक्टर, प्लग नंतर. हे तयार प्लगला पण लागू आहे.

तपासणी एकदा करून घे, आत्ताच, म्हणजे पुढं तुलना करायला काहीतरी राहील. सांगताना आवर्जून सांग की ३ हजार आणि ६ हजारला पण तपासा, कित्येक ठिकाणी ते टप्पे वगळतात आणि खड्डा नेमका तिथं लपतो. जमलं तर ओएई (कानातनं परत येणारे बारीक आवाज मोजायची तपासणी) पण, त्यात अंतर्कर्णातल्या बाहेरच्या रांगांमधल्या केसपेशी कशा आहेत ते ऑडिओग्रामच्या आधी कळतं. आदल्या दोन दिवसांत सराव नसावा, नाहीतर थकलेल्या कानाचा रिपोर्ट येईल. आणि कधी एका कानाचं ऐकणं एकदम गेलं, किंवा सूं दोन दिवस झाले तरी थांबेना, तर गणपती संपू दे मग बघू असं करू नको. एकदम गेलेल्या कानाला औषध लवकर सुरू झालं तरच फायदा व्हायची शक्यता असते, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठायचा.

पथकात बारकी पोरं असतील तर त्यांना आधी घाल. त्यांच्या कानाची नळी लहान, मोठ्यांचा प्लग बसत नाही, बसला नाही तर सरळ हेडफोनसारखे कानावर बसणारे मफ घाल, फोटोत बरं दिसत नाही म्हणून आयाच काढायला लावतात, तेवढं सांभाळ.

आणि फेट्याचं. पारदर्शक किंवा कातडीच्या रंगाचा घेतलास तर समोरनं कुणाला कळत नाही, फेटा कानाच्या वरच्या टोकापर्यंत येतो त्यात तर अजिबात नाही. दोरीवाला घे, दोरी मागनं मानेवर सदऱ्याच्या कॉलरखाली जाते, उड्या मारताना एखादा निसटला तर गुलालात शोधत बसायला लागत नाही. फेटा बांधायच्या आधी प्लग घाल, नंतर घालायला गेलास तर कान मागं ओढता येत नाही आणि तो अर्धाच बसतो. गुलाल लागलेला प्लग रात्री कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं धू, फिल्टर मात्र आधी काढून ठेव, त्यात पाणी गेलं की तो गेला.